तायडेकाकांचे डोळे

तायडेकाका भेटले की आधी आपली कॉलर हातात घेतात. जय भीम नंतर. कापड दोन बोटांत चोळतात, उजेडाकडे धरतात (आपली मान त्यात असली तरी) आणि निकाल देतात, "ताना तुटला बाप्पा इथं. घेतानी डोये होते का बटन?"

एका लग्नात ते आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि नवरदेवाच्या कोटाची बाही उलटीपालटी करून फोटोवाल्याला म्हणाले, "या बाजूनं काढू नको बे, विणकर झोपला होता." नवरी हसली. नवरदेव अजून बोलत नाही.

अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या आमच्या कापड कारखान्यात काका तपासनीस आहेत. काचेच्या टेबलाखाली दिवा जळतो, वरून कापड सरकत जातं आणि खोट दिसली की काका तिथं लाल कागदाचा बाण चिकटवतात. बाणांची त्यांना सवयच जडली आहे. कँटीनच्या करपलेल्या पोळीला बाण, साहेबांच्या नव्या सूचनेला बाण. मी युनियनची पत्रकं वाचत मोठा झालो, आता लिहितोही. माझ्या पत्रकांना तर बाणच बाण.

सुपरवायझर म्हणायचा, "काका, एवढा तागा जाऊ द्या. बाहेर गाडी उभी आहे."

"उभी हाये तं राहू दे. तिचे पाय दुखत नाईत."

अठ्ठावीस वर्षं, आधी एका बंद पडलेल्या गिरणीत आणि मग इथं, हा माणूस त्या टेबलाशी उभा आहे. गेल्या महिन्यात मात्र खोटीचे दोन तागे बाणाशिवाय पुढे गेले. सुपरवायझरला जणू बोनस मिळाला. त्यानं काकांच्या हातात कागद ठेवला: सोमवारपर्यंत डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा, नाहीतर टेबल सोडा, गोदामात गठ्ठे उचला.

माझं रक्त उकळलं. रात्रपाळीवाल्यांना वाटायला मी पत्रक लिहून काढलं. मथळा होता, 'कामगाराच्या नजरेवर मालकाचा डोळा!' काकांनी ते नाकाला टेकवून वाचलं.

"यात मायं नाव सात खेपा हाये. मले एक खेपाबी इचारलं नाई तू."

मी पत्रकाची घडी घालून खिशात टाकली.

"शुक्रवारी सुट्टी हाये. अकोल्याले चाल मायासंगं. डोयेबी दाखवू, फिरनंबी होईल."

"अमरावतीत डॉक्टर नाहीत का?"

"डॉक्टर हायेत. ओयखीचे लोकबी लय हायेत."

बडनेऱ्याहून सकाळची पॅसेंजर धरली. डब्यात काकांनी तीन कॉलरी तपासल्या; एका एसटीच्या कंडक्टरला तर खाकी कापडाचा इतिहास ऐकवला. मूर्तिजापूरला "पानी भरून येतो" म्हणून उतरले आणि गाडी हलली तरी चढेनात. मी उडी मारून खाली आलो.

"काहून उतरला तू?" त्यांनीच मला विचारलं.

मग आम्ही बंद पडलेल्या छोट्या लाइनच्या गंजक्या रुळांवर, गवतात बसलो. आम्ही भजी खाल्ली. काका म्हणाले, "घाई कायची? डोये कुठं पळून जाऊन राहिले?" दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार झाली.

अकोल्यात दवाखाना स्टेशनजवळच होता, पण काका मला मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात घेऊन गेले. एका दुकानात त्यांनी चार तागे उलगडायला लावले आणि काही न घेता उठले. दुकानदार म्हणाला, "चाचा, लेना नहीं था तो खोला क्यूँ?" काका म्हणाले, "कपडा अच्छा है, ये बताने के लिए." तो माणूस इतका गोंधळला की त्यानं चहा मागवला.

चार वाजले तेव्हा माझा धीर सुटला. "काका, पाच वाजता दवाखाना बंद होईल. सोमवारी टेबल जाईल तुमचं. तुम्हाला लढायचं नाहीच आहे का?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "चाल," एवढंच म्हणाले.

दवाखान्यात खिडकीतल्या बाईंनी मान वर केली. "अरे, काका! या वेळी आणलं का कोणाला? दोनदा परत गेले तुमी. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, सोबत माणूस पाहिजेच. महिनाभर दिवसातून चार वेळा औषध कोण टाकणार डोळ्यात?"

काका फरशीकडे पाहू लागले. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती, हे मला माहीत होतं. मी त्या वर्षी दुखवट्याचं पत्रकही छापलं होतं. नंतर त्यांच्या घरी मात्र कधी गेलो नव्हतो.

"मी टाकीन," मी म्हणालो.

"तुम्ही पेशंटचे कोण?"

माझ्या तोंडात 'सहकारी' आलं होतं. काकांचा हात माझ्या बाहीवर होता. ते कापड तपासत नव्हते, नुसतं धरून होते.

"पुतण्या," मी म्हणालो.

डॉक्टरांनी डोळे तपासले आणि चिठ्ठी लिहून दिली: बुधवारी ऑपरेशन, नजर चांगली येईल, महिन्याभरानं कामावर घ्यावं. सोमवारी ती सुपरवायझरच्या टेबलावर मीच ठेवणार होतो, आणि तिच्याखाली सगळ्या खात्याच्या सह्यांचं निवेदन. या खेपेला मी काकांना आधी विचारलं. ते म्हणाले, "कर."

परतीच्या गाडीत मी हिशेब लावत होतो. सकाळचं औषध पाळीआधी, दुपारचं जेवणाच्या सुट्टीत सायकलनं येऊन, उरलेली दोन पाळी सुटल्यावर. महिनाभर मी त्यांच्याकडेच झोपेन. काका खिडकीबाहेर बघत होते. बोरगाव गेलं, तरी त्यांनी मान वळवली नाही. मला वाटलं, राग आला.

मग एकदम वळून म्हणाले, "भाजी कोनती आवडते तुले?"

"कोणतीही चालेल, काका."

"असं नोको सांगू. सहा वर्षांत कोनासाठी रांधलं नाई मी. नीट नाव सांग."