आप्पांच्या पामचं नवं पान

या अपार्टमेंटमध्ये राहायला येऊन मला महिनाही झाला नव्हता, तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या आप्पांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "घरात नवा जीव आलाय," म्हणाले. मी उत्साहानं विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"पान!" आप्पा म्हणाले, आणि मला दंडाला धरून आत घेऊन गेले.

आत खिडकीजवळ, सोफ्याशेजारी, पंख्याचा वारा लागणार नाही अशा बेतानं, गुडघ्याएवढा एक पाम कुंडीत उभा होता. एकच खोड, सात जुनी पानं आणि मधोमध नुकतंच उलगडलेलं आठवं. पुण्याला दिलेल्या लेकीनं तो आणला होता, म्हणून त्याचं नाव पावणं. खऱ्याखुऱ्या पाहुण्यांना आप्पा चटईवर बसवत, पण खिडकीजवळची ती जागा पावण्याची. "थेट ऊन सोसत न्हाय त्याला," असं म्हणत ते दिवसातून चार वेळा पडदा सरकवत. रविवारी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत.

आप्पांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजण्यात गेलेली. त्यामुळं पाणी घालण्याआधी ते कुंडी दोन्ही हातांनी उचलून, डोळे मिटून उभे राहत. "जड लागतंय. आज पाणी न्हाय." मी एकदा म्हटलं, माती बघूनही कळेल की. तर म्हणाले, "वरनं बघून ऊस कुणी घेतलाय व्हय?"

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी ते आठ दिवस हातकणंगल्याला गेले आणि किल्ली माझ्याकडं दिली. "फकस्त उचलून बघा. हलकं लागलं तरच वाटीभर पाणी. बाकी हात लावायचा न्हाय."

आता मी कागलकडचा. आमच्या घरात तीन पिढ्या तंबाखूची शेती. शेंडा खुडला की पानं रुंद होतात, हे आम्हाला पाळण्यातच कळतं. पामच्या मधोमध टोकदार कोंब आलेला बघून माझे हात शिवशिवले. आप्पा येईपर्यंत पावणं कसं भरदार करून दाखवतो, या तोऱ्यात मी खोल नख घालून तो खुडला. मग मोबाईलवर शोधलं. या पामला वाढायला तो एकच शेंडा असतो. तो गेला की झाड हळूहळू संपतं.

आप्पा आले आणि चपला काढायच्या आधी कुंडीवर वाकले. "कोंब कुठं गेला?"

"उंदीर असेल," मी म्हणालो. इतकं लाजिरवाणं वाक्य मी आयुष्यात बोललो नाही.

त्याच संध्याकाळी आप्पांनी पिंजरा आणला, आत कांदाभजी अडकवली. रोज सकाळी मला बोलावून दाखवायचे, "आज बी न्हाय गावला. लई हुशार दिसतोय." मी मान डोलवायचो. बायको म्हणायची, सांगून टाका. मी म्हणायचो, उद्या.

असे तीन महिने गेले. जुनी पानं हिरवी होती, नवं काही येत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पुण्याच्या ताई काय म्हणतात?"

"फोन कुठं केलाय? पान आलं न्हाय की." आप्पांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. "लेकीच्या सासरी उगंच फोन करू ने, साहेब. बाप सारखा काय बोलतोय, म्हणत्यात माणसं. पान आलं की सांगायला कारण हुतं. तीबी वाट बघती."

स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. "आप्पा, उंदीर मीच," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

आप्पा कुंडी मांडीवर घेऊन बसून राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी मीच त्यांचा मोबाईल उचलला, ताईंना लावला आणि त्यांच्या हातात दिला. निदान खरं काय ते लेकीला सांगतील, मला चार शिव्या घालतील, असं वाटलं.

"आप्पा! पान आलं व्हय?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं.

"आलं की गं पोरी," ते म्हणाले. "शेजारचं साहेब हायत न्हवं, त्ये लई जपत्यात त्याला."