पेटी वाजेना

डॉक्टर शंकररावांच्या डोक्याला तारा चिकटवून दहा मिनिटं झाली, तरी समोरची पेटी काही बोलेना.

पेटी मेंदूच्या लहरी टिपायची. मन निवांत झालं की तिच्यातून बारीक सूर निघे. तो ऐकत ऐकत रोग्यानं निवांत व्हायला शिकायचं. त्यानं जुनाट डोकेदुखी हटते का, ते पाहायचं होतं. १९७४ सालच्या इंदुरात हे सगळं नवीनच होतं. बंगलोरहून आलेल्या डॉक्टर सुमेधा सहा डॉक्टरांना ते शिकवत होत्या. रोग्याच्या आधी डॉक्टरनं स्वतः बसायचं, असा त्यांचा नियम होता.

सर्वांत लहान उदयसिंह बसला आणि मिनिटभरात सूर सुरू झाला. शंकरराव सर्वांत ज्येष्ठ. तीस वर्षं ते रोग्यांना 'टेन्शन घेऊ नका' असं सांगत आले होते.

"मॅडम, मन तर एकदम ठंडं आहे माझं. मशीनच गडबड करून राहिलं असेल."

सुमेधांनी त्यांच्या केसांना बोट लावलं. "सर, तेल आहे. तार धरत नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे शंकररावांनी शिकेकाईनं दोनदा डोकं धुतलं. जानेवारीचा गारठा होता. "अहो, सर्दी होईल," इंदुमतीबाई म्हणाल्या. झालीच. वर्गात दर शिंकेला पेटीचा काटा टोकाला जाऊन आदळू लागला. तिसऱ्या दिवशी शिंक येऊ नये म्हणून ते दात आवळून बसले, तर काट्याकडे बघत सुमेधा म्हणाल्या, "सर, ही मेंदूची लहर नाही, जबड्याची आहे."

चहाच्या वेळी त्यांनी उदयसिंहाला गाठलं. "भिया, तू नेमकं करतो काय?"

"काहीच नाही, सर."

"काहीच नाही म्हणजे कसं?"

उदयसिंहाला ते सांगता येईना. दुपारभर शंकरराव सारा जोर लावून काहीच न करायच्या मागे लागले. पेटी मुकीच राहिली.

चौथ्या दिवशी पहिली रोगी आली. बेटमा गावच्या शाळेतल्या शिक्षिका कमलताई, नऊ वर्षांची डोकेदुखी. शिकवायला उदयसिंह बसला.

"मन शांत ठेवा."

"ठेवलंय."

"अजून शांत ठेवा."

कमलताईंच्या कपाळावर आठ्या चढल्या. तो चेहरा शंकररावांना चांगलाच ओळखीचा वाटला. ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

"ताई, पेटीला राहू द्या. बेटम्याहून कशा आलात?"

"बसनं. धारची गाडी, उभं राहूनच यावं लागलं."

"पूर्ण रस्ता?"

"नाही. मधेच एक जण उतरला, मग खिडकी मिळाली."

"मग काय केलं?"

"करायचं काय? टेकून बसली. हवा येत होती." बोलता बोलता त्यांनी डोळे मिटले.

पेटीतून सूर निघाला. सहा मिनिटं तो चालू राहिला.

कमलताई गेल्यावर सुमेधा म्हणाल्या, "सर, पुढची बॅच तुम्ही शिकवा."

"मी? मला तर एकदाही जमलं नाही."

"उदयसिंहांना आपोआप जमतं, ते काय सांगणार? काय काय करू नये, ते मात्र तुम्हाला सगळं माहीत आहे."

घरी इंदुमतीबाईंनी दारातच विचारलं, "वाजली का पेटी?"

"वाजली. सहा मिनिटं," शंकरराव म्हणाले, आणि डोकं कोणाचं ते न सांगता चपला काढू लागले.