लेबलावर ठेवलेला हात

बस चुकली. पुढची येईपर्यंत त्या थंडीत थांब्यावर उभं राहायचं तर पायाची बोटं तिथेच ठेवून यावी लागली असती, म्हणून ओरिनबाय कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात शिरला. त्याला घ्यायचं काहीच नव्हतं. (घ्यायचं काही नसताना आत आलेला माणूस दुकानदाराला चेहऱ्यावरून कळतो, असा त्याचा पक्का समज होता.) त्यामुळे तो गिऱ्हाइकासारखा दिसायच्या खटपटीला लागला. हात मागे बांधले, कपाळाला आठ्या घातल्या आणि हीटरच्या सर्वांत जवळ जी वस्तू होती, तिचं लेबल वाचू लागला.

ती वस्तू म्हणजे एक भलामोठा आडवा फ्रीझर होता. पांढराशुभ्र. लेबलावर किंमत होती अठ्ठावीस हजार तेंगे.

ओरिनबायने चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. अठ्ठावीस हजारांत कारागांदा शहरात धड बूट येत नाहीत. शेजारचा याच्या निम्म्या आकाराचा फ्रीझर दीड लाखाला होता. म्हणजे छापताना एक शून्य गळलेलं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने मनाशी हसून बस पकडली असती. ओरिनबायने बायकोला फोन केला.

नुसती गंमत सांगायला केला होता हो. पण कुरालायच्या डोक्यात गेला महिनाभर दुसरं काही नव्हतं. हिवाळ्याच्या बेगमीचं घोड्याचं मांस आणायचं होतं, मेहुण्याबरोबर अर्धा घोडा ठरला होता, आणि गेल्या वर्षी बाल्कनीत ठेवलेलं मांस मार्चच्या उन्हाने नासलं होतं.

"तिथून हलू नका," कुरालाय म्हणाली.

"अगं, चूक आहे ती."

"त्यांची आहे ना? मग त्यांनी निस्तरावी. टीव्हीवर वकीलबाई सांगत होती, लेबलावर जी किंमत असेल त्याच किमतीला द्यावं लागतं. ते लेबल काढून घेतील. त्याच्यावर हात ठेवा. मी आलेच."

फोन बंद झाला. ओरिनबायने हात ठेवला.

तो शहराला गरम पाणी पुरवणाऱ्या कचेरीत कारकून होता. नळ थंड पडले की लोक त्याच्या खिडकीशी येऊन ओरडत. इतकी वर्षं बोलणी खाऊन त्याचे कान असे तयार झाले होते, की समोरच्याने तोंड उघडायच्या आतच ते लाल होत. आता विक्रेती मुलगी त्याच्याकडे येताना दिसली आणि कान पेटले.

"काका, काही दाखवू का?"

"नको. बघतोय."

"हात जरा काढता का? लेबल दिसत नाही इतरांना."

"काढला असता," ओरिनबाय म्हणाला, "पण बायको येतेय."

मुलीला याचा अर्थ लागला नाही. तिने वाकून त्याच्या बोटांच्या फटीतून लेबल वाचलं, तिचा रंग उडाला आणि ती मॅनेजरला बोलवायला पळाली.

मॅनेजर म्हणजे मादियार नावाचा तिशीच्या आतला तरुण. टाय लावलेला, आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी असताना कपाळावर घाम. त्याने लेबल पाहिलं, मग ओरिनबायच्या हाताकडे पाहिलं.

"काका, छपाईची चूक आहे. किंमत दोन लाख ऐंशी हजार आहे."

"मला वाटलंच," ओरिनबाय म्हणाला. हे वाक्य कुरालायने ऐकलं नाही हे त्याचं नशीब, कारण ती त्याच क्षणी दारातून आत आली. घरातल्या चपला, वर कोट, आणि टॅक्सी बाहेर थांबवून ठेवलेली.

पुढचा अर्धा तास ओरिनबायला आयुष्यभर पुरेल. कुरालाय कायदा सांगत होती. मादियार म्हणत होता, "मावशी, समजून घ्या." केटली घ्यायला आलेल्या एका म्हातारीने केटली खाली ठेवली आणि "मलाही परवा दुधात फसवलं" असं म्हणून ती कुरालायच्या बाजूने उभी राहिली. एक माणूस मोबाईलवर सगळं टिपत होता आणि ओरिनबायला सांगत होता, "जरा इकडे तोंड करा." ओरिनबायचा हात बधिर झाला होता. मध्येच एकदा मादियारशी त्याची नजरानजर झाली. काहीतरी चांगलं बोलावंसं त्याला वाटलं.

"टाय छान आहे तुमचा," तो म्हणाला.

मादियारने त्या मोबाईलकडे पाहिलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं आणि हळूच विक्रेतीला म्हणाला, "दे. लेबलावर आहे तेवढ्याचं बिल कर."

फ्रीझर घरी आला तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारातून जाईना. शेवटी बोळात ठेवला. त्यामुळे संडासाला जायचं तर पोट आत घेऊन आडवं चालावं लागे. कुरालायच्या चेहऱ्यावर मात्र लढाई जिंकल्याचं तेज होतं. संध्याकाळपर्यंत अर्धा घोडा त्यात झोपला.

ओरिनबायची आई बिबिसारा खोलीतून बाहेर आली. तिने झाकण उघडून पाहिलं, किंमत विचारली, ऐकली आणि झाकण लावलं.

"मग बाकीचे पैसे कोणी भरले?"

"कंपनीने, आई."

"कंपनी म्हणजे कोण? कुठे राहते?"

"कंपनी म्हणजे कोणी नसतं. नुसती कंपनी असते."

"असं," म्हातारी म्हणाली आणि चहा ओतायला गेली.

त्या 'असं'ने ओरिनबायची झोप उडाली. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसे. लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली की हातातला घास हातात राही. (शेजारची बाई कुत्र्याला फिरवायला दिवसातून चारदा लिफ्ट वापरते, हे त्याला त्याच आठवड्यात कळलं.) पोलीस येतील, फ्रीझर नेतील, घोडा जिन्यात पसरेल, असली चित्रं त्याला दिसत. कचेरीत तर एका म्हाताऱ्याने "तुम्ही आमचे पैसे लुबाडता" असं नेहमीचंच वाक्य टाकलं, तर ओरिनबाय चटकन म्हणाला, "लेबल त्यांनीच लावलं होतं."

रविवारी दुपारी बेल वाजली. ओरिनबायने दाराच्या भोकातून पाहिलं. बाहेर मादियार उभा होता, टोपी हातात घेऊन.

कुरालायने स्वयंपाकघरातून हाताने खूण केली, की कोणी नाही म्हणून सांगा.

"घरी कोणी नाही," ओरिनबाय दाराआडून म्हणाला.

मग मादियार म्हणाला, "बरं काका. मग मी थांबतो."

"दारात आलेल्या माणसाला कोणी नाही म्हणतोस?" मागून बिबिसारा आली आणि तिने मुलाला बाजूला सारून दार उघडलं. "ये बाळा. बूट काढ. जेवायची वेळ आहे."

मादियार बोळातून आडवा चालत आत आला. जाताना त्याने फ्रीझरकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पाहून ओरिनबायला कुठेतरी पळून जावंसं वाटलं. पण जायला वाटच तेवढी होती, आणि तीत मादियार होता.

टेबलाशी बसल्यावर मादियारने एका दमात सांगून टाकलं. लेबलं तोच छापतो. कंपनी फरक त्याच्या पगारातून कापणार आहे. बायको बाळंत होऊन महिना झालाय. तो पैसे मागायला आलेला नाही. पण त्याच्याकडे एक लहान फ्रीझर आहे, थोडे ओरखडे पडलेला, तो त्याने स्वतःच्या पैशांनी घेतलाय. तो यांनी घ्यावा आणि मोठा परत द्यावा, असं काही जमेल का?

"कायदा..." कुरालायने सुरुवात केली. पण आवाज दुकानातल्यासारखा निघाला नाही.

"आधी चहा," बिबिसारा म्हणाली. तिने दूध घालून कप त्याच्यापुढे सरकवला. "कुठला तू? आई कुठली तुझी?"

"आई अक्सूची, आजी."

म्हातारीने आपला कप खाली ठेवला. "अक्सूची? आमच्याच गावची? कोणाची मुलगी?"

"तोक्तार म्हणून होते, मेंढ्या होत्या त्यांच्या."

"तोक्तार," बिबिसारा म्हणाली आणि तिने डोळ्याला पदर लावावा तसा रुमाल लावला. "एका कानाने कमी ऐकायचा?"

"म्हातारपणी... हो, कमीच ऐकायचे."

"ओरिनबाय, ऊठ. तुझ्या बापाचा चुलतभाऊ तो तोक्तार. म्हणजे याची आई तुझी बहीण, आणि हा तुझा भाचा. मामाच्या घरी पहिल्यांदा आलाय पोरगा, आणि तू त्याला घरी कोणी नाही म्हणून सांगतोस."

ओरिनबाय उठला. काय करावं न सुचून त्याने मादियारला मिठी मारली. मिठीत दोघांचेही कान लाल होते.

पण खरी भानगड पुढेच होती. मामाच्या घरी आलेल्या भाच्याला मनाला येईल ते मागायचा हक्क असतो आणि त्याला नाही म्हणता येत नाही, हे तिथे लहान मुलालाही ठाऊक आहे. नाही म्हणणाऱ्याचा हात जन्मभर थरथरतो म्हणतात.

"ओरिनबाय, तुझ्या आजोबांनी भाच्याला शिंगरू नाकारलं होतं," बिबिसारा शांतपणे म्हणाली. "मरेपर्यंत त्यांना बशीतून चहा पाजावा लागला."

ओरिनबायने आपल्या हाताकडे पाहिलं. टेबलावर चहा सांडलेला होता. कुरालायनेही दोन्ही हात टेबलाखाली नेले होते.

"माग, बाळा," म्हातारी म्हणाली.

"नको, आजी."

"माग म्हणते ना."

मादियारने मामाकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. मग कपात बघत पुटपुटला, "मग... फ्रीझर राहू दे तुमच्याकडे. उरलेले पैसे तेवढे... हप्त्याने दिले तरी चालतील, मामा."

मामा हा शब्द ऐकला आणि ओरिनबायला कळलं, की आपला आता मामा झालेला आहे.

तेवढ्यावर संपलं असतं तर ठीक. पण भाच्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. ओरिनबायला पन्नाशीला मिळालेला कशिद्याचा झगा म्हातारीने मादियारच्या खांद्यावर घातला. (त्यालाच तो जास्त शोभला.) बाळंतिणीसाठी म्हणून कुरालायने फ्रीझरमधून बरगडीच्या मांसाचं एक जाडजूड सॉसेज काढलं, थोडं थांबली, आणि आणखी एक काढलं. त्या रात्री ओरिनबाय कित्येक दिवसांनी गाढ झोपला. लिफ्ट वाजली की नाही, त्याला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात हप्त्याच्या कागदावर सही करायला गेला. मादियारने पेन दिलं आणि पटकन परतही घेतलं.

"मामा, सही करू नका. काल आईला फोन केला. ती तुमच्या अक्सूची नाहीच. आमचं अक्सू दक्षिणेत, शिमकेंतकडे. तोक्तारही दुसरेच. मी आजीला काल निघतानाच म्हणालो होतो, आमचं गाव तिकडचं आहे म्हणून."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, बूट घाल."

ओरिनबाय उभा राहिला. दार समोर होतं. बाहेर बसही येऊन थांबली होती, जी नको तेव्हा नेमकी वेळेवर येते. हा पोरगा नातं संपवून मोकळा झाला होता आणि आता पुन्हा पगार कापून घ्यायला तयार उभा होता, कान लाल करून. ते कान ओरिनबायने रोज आरशात पाहिलेले होते.

"पेन आण," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

घरी आला तेव्हा आई पोळ्या लाटत होती.

"आई, तो आपला भाचा नाही."

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"तोक्तार नावाचा आपल्यात कोणी झालाच नाही. तुम्ही दोघं कायदा सांगत बसला होतात. कायद्यापुढे माझं काय चालणार? म्हणून भाचा केला."

"कुरालायला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

"तिला काय सांगायचं? मी तोक्तारच्या कानाचा विषय काढला तेव्हाच तिने टेबलाखालून माझा हात दाबला. तिलाही सुटका हवीच होती, फक्त माघार घ्यायला जागा सापडत नव्हती." म्हातारीने पोळी उलटवली. "खरं वाटलं ते एकट्या तुला. तू तर मिठी मारलीस."

ओरिनबाय स्टुलावर बसला.

"बसू नकोस," आई म्हणाली. "येत्या रविवारी तो बायको आणि बाळ घेऊन जेवायला येतोय. मी बोलावलंय. सून पहिल्यांदा घरी येणार, तिला शाल द्यायला हवी. बाजारात जाऊन ये."

ओरिनबाय गेला. शाल बरी मिळाली, निळी, झालरीची. लेबलावर नऊ हजार होते, कॅशवरच्या मुलीने मशीनवर धरली तर अकरा हजार निघाले. मुलगी चपापली.

"काका, लेबलावर वेगळी किंमत आहे. तक्रार करायची असेल तर करू शकता."

मागे रांग होती. रांगेतल्या एका बाईने मोबाईल काढला. ओरिनबायने घाईघाईने अकरा हजार मोजून ठेवले आणि शाल काखेत मारली.

"तक्रार नाही," तो म्हणाला. "फक्त तुझी आई कुठल्या गावची, ते सांगू नकोस."