शुक्रवारी बोंबलणारा कॉम्प्युटर

हसूनाना कुठलीही वस्तू घेण्याआधी तिला कान लावतात. कलिंगडाला सगळेच लावतात, ते सोडा. नाना प्रेशर कुकरला लावतात, सुटकेसला लावतात, दुकानात टांगलेली छत्रीसुद्धा चार वेळा उघडमीट करून कानाशी धरतात. त्यांच्या मुलीला, प्रणालीला, बघायला मुलगा आला तेव्हा नानांनी त्याला दारातच कडकडून मिठी मारली. मुलगा सुखावला. पाहुण्यांना वाटलं, काय हा जिव्हाळा. मिठी सुटल्यावर नाना माझ्या कानाशी आले आणि कुजबुजले, "छातीत घरघर न्हाय. द्याला हरकत न्हाय."

ही कुजबुज मुलाच्या आईने ऐकली, स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या नानींनी ऐकली आणि रस्त्यावर गाडीत बसलेल्या ड्रायव्हरनेही ऐकली. नानांच्या आवाजाला खालची पट्टीच नाही. त्यांचं गुपित ऐकायचं नसेल तर शेजारची गल्ली ओलांडून जावं लागतं.

यात त्यांचा दोष नाही. आम्ही भिवंडीत टेमघरला समोरासमोर राहतो. नानांचं घर वर आणि खाली त्यांचा लूमचा कारखाना. उभी हयात ते त्या धडधडीत वावरले. माग चालू असताना नानींच्या फळीवरच्या कपबश्या सकाळी एका टोकाला ठेवल्या की संध्याकाळी दुसऱ्या टोकाला पोहोचलेल्या असत. अशा घरात प्रेमाचं बोलणंही बोंबलूनच करावं लागतं. पुढे धंदा बसला, माग भंगारात गेले आणि खालची जागा नानांनी खोके ठेवायला भाड्याने दिली. खोके आवाज करत नाहीत. नाना मात्र अजून त्याच पट्टीत बोलतात.

"वस्तू खोटा बोलंल, आवाज न्हाय बोलाचा," हे त्यांचं ब्रीद. मागाच्या आवाजावरून ते म्हणे सांगायचे, कुठला नट ढिला आहे. म्हणे म्हटलं, कारण हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे.

तर अशा माणसाच्या घरी कॉम्प्युटर आला. प्रणाली लग्न होऊन मस्कतला गेली, तिला मुलगी झाली आणि जावयाने एका सुट्टीहून परत जाताना आपला जुना कॉम्प्युटर सासऱ्यांच्या टेबलावर ठेवला. पडदा मोठा, नात मोठी दिसेल, हा हिशोब. प्रणालीला शुक्रवारी सुट्टी. भिवंडीत लूमही शुक्रवारी बंद. त्यामुळे दर शुक्रवारी संध्याकाळी नाना धुतलेला सदरा घालून, केसांना पाणी लावून पडद्यासमोर बसत आणि पाच वर्षांची ओवी मस्कतहून बोलत असे.

एका शनिवारी नाना माझ्याकडे आले. "गुरुजी, तुमी शिकलेला मानूस. ह्यो कॉम्प्युटर शुक्रवारीच का बोंबलतंय?"

"म्हणजे?"

"बाकीचं दिस गप असतंय. शुक्रवारी घूंऽऽ करतंय. नेमका पोर बोलाला लागली का घूं."

मी शाळेत भूगोल शिकवतो. कॉम्प्युटरला वार कळतो हे माझ्या विषयात बसत नव्हतं. पण म्हटलं बघू. पुढच्या शुक्रवारी जाऊन बसलो. पंख्याचा आवाज होता, नाही असं नाही. पण कोपऱ्यात नानी तांदूळ निवडत होत्या, त्याचा आवाज त्याहून मोठा होता.

फोन लागला. ओवी चिमणीसारखी काहीतरी बोलली. नाना म्हणाले, "काय?" ती पुन्हा बोलली. नाना म्हणाले, "काय? ह्यो मेला आयकू देत न्हाय." तिसऱ्या 'काय'ला ओवीने खांदे पाडले आणि म्हणाली, "मम्मी, आजोबांशी बोअर होतं." आणि ती खेळायला निघून गेली. पडद्यावर मस्कतची भिंत उरली. नाना त्या भिंतीकडे बघत बसले, पाहुणा पाणी प्यायला आत गेला आहे, येईलच परत, अशा थाटात. शेवटी प्रणाली पुढे आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, ती कंटाळते हो. आपण महिन्यातून एकदाच करूया का?"

हे मात्र नानांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन कल्याण नाक्यापलीकडे इम्रानभाईच्या दुकानात गेले. इम्रानने झाकण उघडून दाखवलं. प्रोसेसर तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर हा पंखा, ह्यालाच कूलर म्हणतात. हा प्रोसेसरबरोबर डब्यात फुकट येतो, म्हणून थोडा गुरगुरतो. बदलून टाकू.

"बेरिंग कुठली?" नानांनी विचारलं.

इम्रान चमकला. "नाना, बेअरिंग तर आजपर्यंत कोणी विचारली नाय."

त्याने दोन कूलर काउंटरवर ठेवले. पहिल्यात पाणी नळीतून फिरतं आणि उष्णता बाहेर नेतं. नाना म्हणाले, "आमच्या नलाला पानी न्हाय आनि तू कॉम्प्युटरला देतंस. नानीला कललं तर हंडा घेऊन बसंल बाजूला." दुसरा म्हणजे पातळ पट्ट्यांचा भलामोठा मनोरा, मधून तांब्याच्या नळ्या आणि अंगावर ताटाएवढा पंखा. इम्रान म्हणाला, "ये टॉवरवाला लो नाना. बडा पंखा, धीरे घूमता है. चालू आहे का बंद, तुम्हाला कळणारच नाही."

"मोठा चाक सावकास फिरतंय, बरोबर हाय," नाना म्हणाले. "पन आयकल्याबिगर घेनार न्हाय."

ऐकणार कसं? दुकानाच्या मागे लूम, पुढे टेम्पो. नानांनी कान लावला की नेमका ट्रक जाई. "ह्या रस्त्याव हत्तीबी मना सायलेंट वाटंल," ते वैतागून म्हणाले. "शुक्रवारी येतंव. सगला गप असतंय तवा."

"जुम्मा है नाना."

"नमाज पडून ये. आमी पायरीव बसतंव."

आणि आम्ही खरंच पायरीवर बसलो. दुपारी इम्रान आला. सगळी भिवंडी निजल्यासारखी होती. वायरीवर बसलेल्या कावळ्याने पंख झाडले तेही ऐकू आले. इम्रानने जुना पंखा, पाणीवाला आणि टॉवरवाला असे तिन्ही आळीपाळीने चालवून दाखवले. नानांनी डोळे मिटून तिघांना कान लावला आणि निकाल दिला.

"तिघंबी एकाच सुरात बोंबलतान."

इम्रानने माझ्याकडे पाहिलं. मी कावळ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, मला टॉवरवाल्याचा काहीच आवाज येत नव्हता. नानांनी शेवटी टॉवरच उचलला, कारण तो हाताला सगळ्यात जड लागला.

घरी बसवताना कळलं की मनोरा कॉम्प्युटरच्या डब्यापेक्षा उंच आहे. बाजूचं झाकण काही केल्या बसेना. इम्रान म्हणाला, उघडं राहू दे, हवा लागेल. नानींना ते उघडं पोट बघवेना. त्यांनी टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल आणून त्यावर सोडला. "एवढा मोठा झुंबर आनलाव," त्या म्हणाल्या, "आथा वरात कवा काढताव?"

त्या संध्याकाळी फोन झालाच नाही. प्रणालीकडे पाहुणे होते. पुढच्या शुक्रवारी फोनच्या आधी नानांनी मला हाक मारली. ती अर्ध्या टेमघरने ऐकली.

"गुरुजी, न्हाय जमला. अजून घूं करतंय. इम्रान्याला टांगतंव उलटा."

आता माझ्या मनात जे आलं ते मास्तराला शोभणारं नव्हतं, पण मला फार गोड वाटलं. मी म्हणालो, "नाना, डोळे मिटा. नीट ऐकून मला सांगा, आवाज नेमका कसा येतो. म्हणजे इम्रानला तसं सांगता येईल."

नानांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले. मी अलगद हात लांब केला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. पंखा दोन फेरे खाऊन थांबला. नानी पदराला हात पुशीत दारात आल्या होत्या. मी त्यांना ओठांवर बोट ठेवून खूण केली.

"हां," नाना डोळे मिटूनच म्हणाले. "बगा आथा. बारीक हाय पन धार हाय त्याला. घूंऽऽ. मंगाशी होता त्याच्यापक्षा वाढलाय उलट."

मी हसू दाबून धरलं होतं. नानांनी डोळे उघडले. काळा पडदा पाहिला. थांबलेला पंखा पाहिला. बटण पाहिलं. मग त्यांनी तळव्यांनी दोन्ही कान दाबून धरले, सोडले, पुन्हा दाबले. माझं हसू कुठे गेलं मला कळलं नाही.

"मंग ह्यो कोन वाजतंय?" नाना म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

मग नानी म्हणाल्या, "माझ्या पन वाजतंय."

"कुठं?"

"कानान."

"कवापासना?"

"माग गेलं तवापासना. आधी पन असंल. तवा धडधडीत कुठं कलत होता."

"बोलली न्हाय कदी."

"काय बोलू? मना वाटला, माझ्या एकलीच्याच वाजतंय."

नानांनी पायाने स्टूल ओढून आपल्या खुर्चीला लावलं. नानी बसल्या. दोघं एकाच आवाजाला कान देऊन बसली होती आणि तो आवाज मला ऐकू येत नव्हता.

थोड्या वेळाने नाना स्वतः उठले आणि बटण चालू केलं. फोन लागला. ओवी आली, कुठेतरी भलतीकडे बघत म्हणाली, "हाय आजोबा."

"ओवी, आयक," नाना म्हणाले. "तुझ्या आज्याचं कान गेलान. तुना मोठ्यानी बोलाला लागंल."

ओवीने पहिल्यांदा समोर बघितलं. "किती मोठ्याने?"

"हाय तेवरा जोर लाव."

"मम्मी ओरडेल."

"मम्मीला मी वरडन."

"बाबा, इथे फ्लॅट आहे, शेजारी..." प्रणाली मागून सांगत होती, पण ओवीने तोवर छाती भरून घेतली होती. तिचा दात पडला होता. तो सफरचंदात पडला, मग सापडला, मग डबीत ठेवला, मग डबीच हरवली. ही सगळी हकिगत तिने अशा पट्टीत सांगितली की त्या आवाजावर तिला भिवंडीत कुठल्याही कारखान्यात ड्युटी मिळाली असती. क्रोशाचा रुमाल खाली घसरला. समोरच्या माझ्या घराची खिडकी उघडली आणि माझी बायको बाहेर डोकावली.

"ऐकू आलं, आजोबा?" ओवीने विचारलं. धापा टाकत होती आणि चेहरा आनंदाने लाल झाला होता.

नाना गालातल्या गालात हसत होते. डबी हरवली तिथे तर नानीही हसल्या होत्या. नानांनी कानामागे हाताचा पंजा धरला आणि पडद्याकडे वाकले.

"न्हाय गो बाय," ते म्हणाले. "परत सांग. पैल्यापासना."