तक्रार : दिवा लागतो

यिल्डू सिकेमाने मंगळवारी सकाळी अंधाऱ्या खोलीचं दार उघडलं आणि खोलीत लख्ख उजेड पडला. तिने दार लावून घेतलं आणि पुन्हा उघडलं. पुन्हा लख्ख उजेड. पेंटेकॉस्टच्या सणाला जोडून आलेल्या सुट्टीत विद्यापीठाने वीजबचत उरकून घेतली होती. माणूस हलला की दिवे आपोआप लागणार आणि दहा मिनिटं कोणीच हललं नाही की आपोआप विझणार. छताच्या मधोमध अंड्याएवढा पांढरा सेन्सर बसला होता. भिंतीवर जिथे बटण असायचं, तिथे आता एक गुळगुळीत पांढरी पट्टी होती.

आता खोली अंधारी ठेवायची कोणाला हौस नव्हती. ग्रोनिंगनमधल्या या तिसऱ्या मजल्यावर वीस वर्षं एकच उद्योग चालला होता, उजेडाला उत्तर देणारे रेणू बनवायचे. उजेड दाखवला की निळा, अंधारात नेला की परत पाण्यासारखा. डोळ्यांना न दिसणारं बटणच म्हणा ना. अशी बटणं कशी बनवावीत ते शिकायला लोक लांबलांबून यायचे. आणि ज्यांनी बटणांत हयात घातली, त्यांना स्वतःच्या खोलीतला दिवा बंद करता येईना.

यिल्डूच्या बाबतीत हा चेष्टेचा विषय नव्हता. तिचा रेणू आठ महिन्यांच्या खटपटीने तयार झाला होता, पण अजून त्यात गाळ होता. गाळ असेपर्यंत त्याला उजेड दाखवायची सोय नव्हती, कारण उजेडात गाळ आणि रेणू एकमेकांना चिकटायचे आणि बाटलीत उरायची ती काकवी. तो अंधारात शुद्ध करायचा, मग उजेड-अंधाराच्या पंचवीस फेऱ्या करून तो थकत नाही हे दाखवायचं, की प्रबंधाचं शेवटचं प्रकरण पुरं. मुदत शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी पाच वाजता तिचा चार वर्षांचा करार संपत होता. पाचनंतर तिच्या ओळखपत्राने इमारतीचं दारसुद्धा उघडलं नसतं, पीएचडी तर लांबच राहिली.

तिने इमारतीची देखभाल बघणाऱ्या क्लोस्टरबूर यांना फोन लावला.

"दिव्याची तक्रार आहे."

"लागत नाही?"

"लागतो."

"मिणमिणतो?"

"नाही, छान लागतो."

पलीकडून थोडा वेळ नुसता टाइप केल्याचा आवाज आला. "मग तक्रार काय आहे?"

"लागतो हीच."

"बाई, माझ्यापुढे चार रकाने आहेत. लागत नाही, मिणमिणतो, आवाज करतो, लोंबकळतो. यातलं काय लिहू?"

"अहो, मला तो बंद करायचाय."

"मग हलू नका. आपोआप बंद होईल."

क्लोस्टरबूर वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांनी तिचा अर्ज 'इतर' म्हणून वीजबचत समितीकडे पाठवलासुद्धा. समिती सप्टेंबरात बसणार होती. हा जून चालला होता.

प्रयोगशाळेतला जुना तंत्रज्ञ हार्को हे सगळं ऐकत कॉफी पीत उभा होता. हार्को दिवसाला साधारण वीस शब्द बोलायचा आणि त्यातले दहा कॉफीबद्दल असायचे. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "हळू हलू."

मंगळवारचा सगळा दिवस त्यांनी या संशोधनात घालवला. बाटलीपर्यंत हात न्यायला चाळीस सेकंद लावले तर सेन्सरला पत्ता लागत नाही, मान वळवायला पंचवीस पुरतात, आणि बसलेल्या माणसाने उठायचा विचारही करू नये, असं निष्पन्न झालं. बुधवारी लाल टॉर्चच्या मिणमिणत्या उजेडात दोघांनी काम सुरू केलं; लाल उजेड त्या रेणूला कळत नसे. यिल्डूने गाळायच्या नळीवर पहिला थेंब सोडायला सात मिनिटं घेतली. एकदा तिच्या नाकावर माशी बसली, ती तशीच बसू दिली. माशी कंटाळून गेली. दोन तास असे सुखात गेले.

"यिल्डू," हार्को पुटपुटला.

"हं."

"मला शिंक येतेय."

"नाही येत."

"येतेय."

"मग हळू शिंक."

हार्कोने प्रयत्न केला, हे त्याच्या बाजूने म्हणायलाच हवं. त्याने नाक धरलं, श्वास कोंडला, डोळे फिरवले. पण साडेसहा फुटी ग्रोनिंगनकराची दाबून ठेवलेली शिंक सुटली तेव्हा टेबलावरच्या बरण्या वाजल्या. दिवे लागले. बाटलीतला अर्धा माल डोळ्यांदेखत काकवी झाला.

गुरुवारी त्यांनी सरळ शिडी लावली आणि सेन्सरला स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल गुंडाळली. सेन्सरला वाटलं, आपले डोळे गेले. आता आपण आंधळे झालो तर माणसं अंधारात धडपडतील, ही काळजी कारखान्यातूनच त्याच्या पोटात घालून पाठवली होती. त्याने खोलीतले सगळे दिवे कायमचे लावून टाकले. फॉइल काढली तरी ते विझेनात. आता तर न हलण्याचाही काही उपयोग राहिला नाही. यिल्डू उरलेली अर्धी बाटली काळ्या पिशवीत घालून भांड्यांच्या कपाटामागे बसली, मनसोक्त रडली आणि मग तिने घरी फोन लावला.

तिचे वडील वोपके शेतकरी होते, शेजारच्या फ्रीसलँड प्रांतात त्यांच्या सत्तर गायी होत्या. मुलगी काय शिकते, असं चार वर्षांत कोणी विचारलं तर ते "रंगाचं काहीतरी" म्हणून विषय गायींवर न्यायचे. आजही त्यांनी फारशी चौकशी केली नाही.

"किती उजेड अडवायचाय?"

"सगळा, बाबा."

"मुरघासावर टाकायचं प्लास्टिक चालेल?"

शुक्रवारी सकाळी आठला वोपके लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यावर उतरले. बरोबर वाढदिवसाला अंगणात लावायचा तंबू, मुरघासाच्या, म्हणजे गायींचा चारा आंबवायच्या खड्ड्यावरचं काळंकुट्ट प्लास्टिक आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून सहा जुने टायर. इथे वारा नाही, असं यिल्डू म्हणाली. टायरशिवाय प्लास्टिक बसत नाही, असं वोपके म्हणाले. तासाभरात खोलीच्या मधोमध टेबलासकट एक काळा तंबू उभा राहिला. सेन्सर वरून बघत बसला, दिवे जळत राहिले, पण आत मिट्ट काळोख. सगळ्या मजल्यावर आंबट चाऱ्याचा वास पसरला. शिंकेच्या गुन्ह्याबद्दल हार्कोला तंबूबाहेर पहाऱ्यावर बसवलं. लाल टॉर्च धरायला वोपके आत गेले. बूट त्यांनी सवयीने बाहेर काढले.

"हे काय करतंय?" आतून त्यांचा आवाज आला.

"गळतंय."

"किती वेळ गळणार?"

"अजून तीन तास."

"धार काढायला एवढा वेळ लावला तर गाय लाथ घालेल."

"बाबा, टॉर्च हलवू नका."

साडेबाराच्या सुमाराला सेन्सर बघायला क्लोस्टरबूर आले आणि दारातच थबकले. समोर काळा तंबू, भोवती टायर, तंबूपाशी शेणाने माखलेले बूट आणि शेजारी खुर्चीवर चीजचा पाव खात बसलेला हार्को.

"हे काय?"

"तंबू," हार्को म्हणाला.

"ते दिसतंय. इमारतीत? कार्यक्रम आहे का? कार्यक्रमाला सहा आठवडे आधी परवानगी लागते. आत किती माणसं आहेत?" असं म्हणत त्यांनी तंबूच्या पडद्याला हात घातला.

आत शेवटचे, सगळ्यात शुद्ध थेंब पडत होते. पडदा बोटभर सरकला असता तरी चार वर्षांवर पाणी पडलं असतं. यिल्डू दोन्ही हातांनी कुपी झाकून बसली. बोलले ते वोपके. संकटात त्यांना जे सुचायचं, ते गोठ्यातलंच सुचायचं.

"हात लावू नका," ते आतून शांतपणे म्हणाले. "गाय वितेय."

हार्कोचा घास तोंडात राहिला. क्लोस्टरबूर यांनी बुटांकडे पाहिलं, टायरांकडे पाहिलं, एक दीर्घ श्वास घेतला. वास तर सगळं सांगतच होता.

"तिसऱ्या मजल्यावर?"

"वेळ आली की ती मजला बघत नाही. पहिलटकरीण आहे. उजेड दिसला की बिथरते."

तीन तास उकिडवं बसून नेमका त्याच क्षणी यिल्डूच्या पोटरीत गोळा आला आणि ती जिवाच्या आकांताने कण्हली. ते ऐकून क्लोस्टरबूर यांचा चेहराच पालटला. पोरवयातल्या सगळ्या सुट्ट्या त्यांनी आजोबांच्या गोठ्यात काढल्या होत्या. त्यांनी पडदा हलक्या हाताने सोडला.

"अहो, मग आधी सांगायचं ना," ते कुजबुजले आणि चवड्यांवर चालत बाहेर गेले.

दोन मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचे सगळे दिवे गेले. अर्ज नाही, रकाना नाही, समिती नाही. खालच्या मुख्य खटक्यावर हात मारून हा माणूस मोकळा झाला. पीएचडीच्या मुलीला चार दिवसांत जे मिळालं नाही, ते गाईला मागायच्या आत मिळालं, आणि मला विचाराल तर आपल्याकडे हे असंच आहे.

उरलेले थेंब गोळा करून दोन वाजता यिल्डू तंबूतून बाहेर आली. हातातल्या काचेच्या कुपीत पाण्यासारखा स्वच्छ माल होता. आता फक्त उजेड दाखवायचा. त्यासाठी असलेला मोठा दिवा जमिनीला ठोकून बसवलेला होता, तो दुसरीकडे नेता येत नसे. तिने त्याचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग तिच्या लक्षात आलं की मजल्यावरची सगळीच वीज गेलीय.

चार दिवस अंधारासाठी रडलेली मुलगी आता उजेडासाठी रडायच्या बेताला आली. क्लोस्टरबूर फोन उचलत नव्हते. खटक्याच्या खोलीला कुलूप होतं. गडबड ऐकून तिचे मार्गदर्शक प्राध्यापक उब्बो आले.

"उब्बो, दिवाच चालत नाही," यिल्डू म्हणाली. "एवढ्या वेळेपुरतं दहा फेऱ्यांवर भागवा ना."

"पंचवीस," उब्बो म्हणाले. "चोवीसही चालणार नाहीत. परीक्षक मला फाडून खातील आणि मग तुला."

यिल्डूने जपायला दिलेली कुपी जाकिटात घालून वोपके खिडकीचा पडदा बाजूला करून बघत होते. वीस वर्षांत तो कोणी हलवला नव्हता.

"बाहेर ऊन आहे," ते म्हणाले.

उजेडाचा अभ्यास करणारी तीन माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. हे कोणाला सुचलंच नव्हतं.

सगळे जिन्याने खाली धावले. कुपी वोपकेंच्या जाड जाकिटात, उब्बोंच्या हातात पाण्याचा रंग तपासायचं बॅटरीवरचं यंत्र, हार्कोच्या हातात वही. सायकलींच्या रांगांमध्ये मोकळी जागा बघून वोपकेंनी जाकीट उघडलं आणि कुपी उन्हात धरली.

पाणी निळं झालं. एखाद्या थेंबापासून सुरुवात वगैरे काही नाही, सगळंच्या सगळं एकदम, आकाशाहून निळं. वोपके बघत राहिले.

"चार वर्षं हेच करत होतीस?"

"हो, बाबा."

त्यांनी कुपी जाकिटात घातली, सांगितल्याप्रमाणे पाच मिनिटांनी बाहेर काढली. क्षणभर स्वच्छ पाणी, मग परत निळं.

"हे तू केलंस," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता. "थांब, परत करतो."

मग ते कोणाच्या हातात कुपी देईनात. यिल्डूने मागितली, दिली नाही. उब्बोंनी मागितली, त्यांनाही नाही. चार, पाच, सहा. उब्बो आकडा वाचत, हार्को लिहीत. सायकल घ्यायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. कोणीतरी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. सतराव्या फेरीला सूर्यावर ढग आला आणि पन्नास माणसांचं मोजणं थांबलं.

"गेलं," यिल्डू म्हणाली.

वोपकेंनी वर पाहिलं, बोट ओलं करून वारा पाहिला. "आठ मिनिटं," ते म्हणाले, आणि आठ मिनिटांनी ढग गेला. बाविसाव्या फेरीला यिल्डूने बाबांचा दंड धरला तो सोडलाच नाही. पंचविसावी झाली तेव्हा पाचला सहा मिनिटं कमी होती. हार्कोने वहीवर वेळ टाकली, उब्बोंनी सही केली आणि जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. यिल्डू मटकन सायकलस्टँडवर बसली. हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. वोपके मात्र सव्विसावी करत होते.

"पुरे आता," उब्बो म्हणाले.

"ते थकलं नाहीये अजून," वोपके म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत क्लोस्टरबूर आले. घरी जाऊन, दुकानात रांग लावून आले होते. हातात तबक, त्यात लोणी लावलेले कडक गोल टोस्ट, आणि बाळ झालं की त्यावर भुरभुरायच्या बडीशेपेच्या गोळ्यांच्या दोन पेट्या, मुलीची गुलाबी आणि मुलाची निळी.

"दोन्ही आणल्या," ते धापा टाकत म्हणाले. "काय झालं? कोणती फोडू?"

सगळे वोपकेंकडे बघायला लागले. वोपकेंनी एकदा हातातल्या कुपीकडे पाहिलं आणि ती वर धरली.

"निळी," ते म्हणाले.

क्लोस्टरबूर यांनी भराभरा निळ्या गोळ्या टोस्टांवर पसरल्या, पहिला वोपकेंच्या हातात ठेवला, दोन्ही हातांनी त्यांचा हात दाबला आणि हळूच विचारलं, "आणि आई कशी आहे?"

वोपकेंनी सायकलस्टँडकडे पाहिलं. यिल्डू केसांत मुरघासाच्या काड्या घेऊन डोळे पुसत बसली होती.

"दमलीय," ते म्हणाले, "पण सुखरूप आहे." आणि आपला टोस्ट त्यांनी तिला नेऊन दिला.