अडीचशे मीटरवरची बायको

बायकोचं रेडिओवर भाषण होतं, आणि काटा मी लावीन असं मी म्हणालो. एवढंच. तिथेच माशी शिंकली.

भाषण मंगळवारी सकाळी अकराला, थेट प्रक्षेपण, पंधरा मिनिटं. विषय तिने शेवटपर्यंत सांगितला नाही. "ऐका म्हणजे कळेल." माझे सासरे त्यासाठी चार दिवस आधीच आपला जुना रेडिओ मांडीवर घेऊन बसने आले होते. त्यांना ऐकू कमी येतं, आणि दुसऱ्या कुठल्याही यंत्रातला आवाज त्यांना माणसाचा वाटतच नाही. "पोरीचा आवाज या पेटीतून एकदा ऐकला की मी मोकळा," असं ते दिवसातून दहादा म्हणत.

अडचण एकच. रेडिओ केंद्राच्या पत्रात लिहिलं होतं १२०० किलोहर्ट्झ, आणि पेटीच्या तबकडीवर सगळे आकडे मीटरमध्ये.

"निघताना मी काटा लावून जाते," बायको म्हणाली.

"काही गरज नाही! वारंवारतेवरून तरंगलांबी काढायची. शाळकरी गणित आहे."

"अहो, पण एककं बघा हं."

"बावीस वर्षं ऑफिसात बेरजा तपासतोय मी!" (बेरजाच. भागाकार आमच्याकडे पलीकडच्या टेबलावर होतो.)

ती गेली. पावणेअकराला मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तीनशे भागिले वारंवारता, एवढं शाळेतलं पक्कं आठवत होतं. (ते तीनशे मेगाहर्ट्झसाठी असतात. किलोहर्ट्झ असतील तर तीन लाख घ्यायचे. हे आता मला माहीत आहे. आता सगळ्या गल्लीलाच माहीत आहे.) तीनशे भागिले बाराशे, उत्तर पाव मीटर. तबकडीवर पाव मीटर औषधालाही नव्हता.

मी तबकडी पुन्हा वरून खाली वाचली. मग एकदम डोकं चाललं. पाव मीटर म्हणजे पंचवीस सेंटिमीटर! आणि तबकडीच्या खालच्या ओळीत चक्क पंचवीस होते. मीटर होते, सेंटिमीटर नव्हते, हे दिसलं मला. पण आकडा जुळल्यावर त्याच्या पुढची अक्षरं बघायची आमच्या ऑफिसात पद्धत नाही. आकडा जुळला की बरोबरची खूण, आणि कागद पुढे.

अकराला काटा पंचवीसवर आणला. खरखर झाली, शिट्टी वाजली आणि एका बाईचा खणखणीत आवाज आला. भाषा कुठली ते देव जाणे. मी काटा फिरवायला हात पुढे केला, तर सासऱ्यांनी माझं मनगट धरलं.

"हलवू नका, जावईबापू! आला आवाज!"

त्यांचे डोळे भरून आले होते. मी हात मागे घेतला.

"काय ठणकावून बोलतेय पोर! विषय काय?"

"घ... घरगुती आहे," मी त्यांच्या कानात ओरडलो.

ती परकी बाई हसली, की हेही हसत. ती थांबली, की हे मान डोलवत. शेवटी दहा-बारा पुरुषांनी मिळून गाणं सुरू केलं.

"हे कोण?"

"केंद्रातली मंडळी. आभार मानतायत."

मला स्वतःचीच लाज वाटत होती, पण खरं सांगायचा धीर होईना.

एक वाजता बायको आली ती दबकतच. "बाबा, ऐकू आलं?"

"शब्द नाही लागले गं. पण पोरीचा आवाज बाप ओळखणार नाही होय!"

तिने माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही? रागावलात का?"

"रागावू? शब्दन् शब्द पटला मला!"

"खरंच? मला वाटलं, घर डोक्यावर घ्याल!" बोलता बोलता तिची नजर तबकडीवर गेली. ती खाली वाकली. मग कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. "हा काटा पंचवीसवर कसा? मी अडीचशेवर होते!"

मी माझा कागद दाखवला. तिने तो वाचला आणि खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"माझ्या भाषणाचं नाव माहितीय? 'आकडा बरोबर, एकक चूक: माझा संसार'. पडद्याचं कापड फुटांऐवजी मीटरमध्ये आणलंत, तिथून सुरुवात केली होती."

सासऱ्यांना काही कळेना. तिने त्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"मग मी ऐकली ती कोण?" ते पुटपुटले.

"असू दे, बाबा. केंद्रवाले म्हणाले, अजून बारा बोला. मी म्हटलं, ह्यांना विचारून सांगते. पण ह्यांना तर शब्दन् शब्द पटलाय!"

सासऱ्यांसाठी मी काहीही द्यायला तयार होतो. "बोल की," मी म्हणालो. "बारा मिनिटांनी काय होतंय!"

"बारा महिने," ती म्हणाली. "दर मंगळवारी."

हे मात्र सासऱ्यांना एका दमात ऐकू आलं. "वा!" ते खुलले. "मग वर्षभर मी इथेच राहतो. काटा लावायला घरात एखादा तरी शहाणा माणूस हवाच."