अण्णांची नाडीपरीक्षा

चौगुले अण्णा माणसांना अरेतुरे करायचे आणि सर्किट बोर्डाला अहोजाहो. बटण दाबण्याआधी वाकून म्हणायचे, "आवं, उठताय न्हवं?" बोर्ड उठला नाही, की आमच्याकडे वळायचे, "रागावल्यात. कोण काय बोललं रं ह्यास्नी?"

सांगलीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात वजनकाट्यांचे बोर्ड बनत. साल शहाण्णव-सत्त्याण्णव असेल. मी पाटणकडचा, घरातला पहिला पदवीधर. पुस्तकातलं कॉलेजात शिकलो. हात चालायला लागला तो अण्णांमुळे. संगणकातून बोर्डाला जोडायच्या चपट्या डिबग केबलला ते नाडी म्हणत. ती लावली, की प्रोसेसर हवा तिथं थांबवून त्याच्या पोटातलं वाचता येई. "घाई नगं. नाडी बोलती," हे त्यांचं पालुपद.

अण्णा जैन, दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नसत. साडेपाचला टेबलावरच डबा उघडायचा. चार भाकरी, दोन खायचे, दोन परत न्यायचे. रोज. कुणी म्हटलं, "कमी आणा की," तर नुसतं "बघू" म्हणायचे.

त्या नोव्हेंबरात माझा बोर्ड अडला. बोर्डाला जागं करणारा पहिला छोटा प्रोग्राम, बूटलोडर, मी लिहिला होता. केबल लावली की बोर्ड छान उठे. काढली की मेलेला. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला. मालक म्हणाले, "उद्या सकाळी बोर्ड गाडीत नसेल, तर तूही येऊ नकोस." गावी नोकरीचे पेढे वाटून दोनच महिने झाले होते.

अण्णा दुपारपासून बोर्डावर वाकलेले. साडेपाच वाजून गेले.

"अण्णा, डबा."

"थांब रं. नाडी लागतीया."

शेवटी त्यांनी केबल जोडताच आपोआप चालणारी संगणकातली एक फाईल बाजूला काढली. आता केबल असूनही बोर्ड मेलेला. अण्णा मागं टेकले.

"मेमरीची मांडणी तुझा प्रोग्राम करतच न्हाई, कांबळे. ती ही फाईल करून देत हुती. आपल्याला वाटलं, ह्ये बोर्डच आपलं आपण उठत्यात."

माझ्याच चार ओळी राहिल्या होत्या. त्या घातल्या, प्रोग्राम चिपमध्ये पुन्हा भरला, केबल काढली.

"आवं, उठताय न्हवं?"

हिरवा दिवा लागला.

मालक आले. "चूक माजी," अण्णा म्हणाले. "तपासायचं राहिलं." मी तोंड उघडलं, तर टेबलाखालून त्यांनी माझा पाय दाबला.

बाहेर अंधारलं होतं. अण्णांनी डबा माझ्यापुढं सरकवला. "खा. मला आता सकाळीच."

भाजीत मीठच नव्हतं.

"घरी स्वयंपाक कोण करतं, अण्णा?"

"मीच. ती जाऊन तीन वर्सं झाली." ते केबल गुंडाळत होते. "मिठाचं तिलाच ठावं हुतं. आन पीठ घ्याया गेलं, की दोघांचंच येतंय हातात."

मी चारही भाकरी संपवल्या. भाजीही.

अण्णांनी डबा उचलला, कानाशी धरून हलवून पाहिला, आणि रिकामा डबा घेऊन घरी गेले.